‘डोस घाटात अडकलाय’ : फ्लोरीन-१८ची ११० मिनिटं

कंदीपेढा | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, आज अण्णांना पेट स्कॅनला घेऊन गेलो होतो आणि स्कॅन न करताच परत आलो. डोकं अजून गरम आहे, पण प्रश्न खरे आहेत म्हणून धागा काढतोय.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७१, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. फुप्फुसात गाठ दिसली आहे, ती कुठवर गेलीय ते बघायला स्कॅन. काल रात्री आठला जेवण, मग फक्त पाणी. सकाळी नऊला सेंटरवर हजर. एकूण सहा पेशंट, आमचा नंबर चौथा. बोटातून रक्त घेऊन साखर बघितली, हाताला सुई लावून वर पट्टी मारली आणि बसवलं. दहा वाजले, अकरा वाजले. विचारलं तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "डोस घाटात अडकलाय." खंबाटकीत कंटेनर आडवा झालेला.

अण्णा हसले. म्हणाले, "खंबाटकी म्हणजे खंबाटकी. मी एकदा अख्खं वऱ्हाड घेऊन तिथं पहाट केलीय."

एक वाजता गाडी आली. ड्रायव्हरने मागून एक डबा काढला. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा असेल, पण उतरवला असा की जणू सिमेंटचं पोतं, दोन्ही हातांनी, कंबरेत वाकून. पिवळ्या लेबलवर ते तीन पाकळ्यांचं चिन्ह. म्हटलं चला, सुटलो. पंधरा मिनिटांत निरोप आला की पहिल्या दोघांचंच होईल, बाकीच्यांनी गुरुवारी या. माझी सटकली. म्हटलं, "अहो, डोस आला ना? माझ्या डोळ्यांसमोर उतरला." आतला मुलगा शांतपणे म्हणाला, "दादा, डबा आला. आतलं दोन तृतीयांश वाटेत संपलं."

"सांडलं?"

"नाही. बसल्या जागी संपतं ते."

घरी येऊन शोधाशोध केली. कळलं ते एवढं: औषधाचं नाव एफडीजी. म्हणजे ग्लुकोजच, फक्त त्याच्या एका कोपऱ्यात फ्लोरीनचा किरणोत्सारी अणू बसवलेला. तो फ्लोरीन-१८, अर्धायुष्य ११० मिनिटं. कॅन्सरच्या पेशी साखर बकाबका खातात, म्हणून ही खुणेची साखर तिथे जमते आणि यंत्राला दिसते.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. ११० मिनिटांत अर्धी होणारी वस्तू वापरायचीच कशाला, जरा टिकाऊ अणू मिळत नाही का? बर्फात, फ्रीजमध्ये ठेवून लांबवता येत नाही का? आणि घरातला प्रश्न: स्कॅन झाल्यावर त्या दिवशी लहान मुलांना जवळ घेऊ नका असं कागदावर लिहिलंय. माझी मुलगी साडेतीन वर्षांची, तिचं जेवण अण्णांच्या मांडीवरच होतं. ‘त्या दिवशी’ म्हणजे रात्री बारापर्यंत की चोवीस तास?

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:५८

अण्णांना आराम पडो. फ्रीजच्या प्रश्नाला माझं +१. दूध टिकतं, इन्सुलिन टिकतं, मग हेच का नाही?

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:४७

कंदीपेढा, आधी तुमच्या चौथ्या नंबरचा हिशेब करू, म्हणजे त्या मुलावरचा राग उतरेल. तीस वर्षं फळ्यावर हेच केलंय, खाज जात नाही.

समजा प्रत्येकाला १० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) द्यायचे. पहिला पेशंट दहा वाजता, मग दर अर्ध्या तासाने एकेक. सहावा साडेबाराला. त्याच्यासाठी दहा वाजता १० ठेवून भागत नाही, साडेबारापर्यंत त्यातले चारही उरणार नाहीत. त्याच्या वाटणीचे दहा वाजता २५.७ हवेत. असं सहाही जणांचं धरलं तर दहा वाजता डब्यात १०१ मिलिक्युरी असायला हवेत. गाडी ३ तास ४० मिनिटं आधी निघाली असं धरा, म्हणजे बरोबर दोन अर्धायुष्यं. मग निघताना चौपट भरावं लागलं, साधारण ४०५. म्हणजे रस्ता मोकळा असला तरी पाऊण माल रस्त्यावरच जातो, हे गृहीत धरूनच तो भरतात.

आता गाडी दहाऐवजी एकला आली. १०१ चे उरले ३२.५. पहिल्याला १० दिले, राहिले २२.५. अर्ध्या तासात त्याचे झाले १८.६. दुसऱ्याला १० दिले, राहिले ८.६. दोन वाजेपर्यंत त्याचे ७.१. तिसऱ्यालाच धड पुरेना, तुमचे अण्णा तर चौथे.

फ्रीजचं. दूध जिवाणूंमुळे नासतं आणि जिवाणूंना थंडी वाजते. अणुकेंद्रकाला वाजत नाही. ते अणूच्या इतकं आत आणि इतक्या मोठ्या ऊर्जेने बांधलेलं असतं की बर्फ, भट्टी, आम्ल, दाब, कशाचाच त्याला पत्ता लागत नाही. डबा खंबाटकीत उन्हात उभा होता की एसीत, ११० मिनिटं ती ११० मिनिटंच. (नेमकं हवं असेल तर १०९.८.)

हे केंद्रक मुळात का फुटतं, हेही सांगतो, कारण इथेच खरी मजा आहे. आपल्या टूथपेस्टमधला फ्लोरीन, नव्हे निसर्गातला झाडून सारा फ्लोरीन, फ्लोरीन-१९ आहे: ९ प्रोटॉन, १० न्यूट्रॉन. फ्लोरीन-१८ मध्ये ९ आणि ९. केंद्रकात प्रोटॉनला प्रोटॉनची जोडी लागते आणि न्यूट्रॉनला न्यूट्रॉनची, फुगडीसारखी. ९-९ मध्ये दोन्हीकडे एकेक जण हात मोकळे सोडून उभा. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला की ८ आणि १०, सगळ्यांना जोडीदार मिळाला. हा ऑक्सिजन-१८, स्थिर.

या बदलात १.६५६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा हाताशी येते. त्यातली १.०२२ पॉझिट्रॉन घडवण्याच्या खात्यावर जाते. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा भाऊ, कार्ल अँडरसनला १९३२ मध्ये सापडला तो. उरलेली ०.६३४ पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो (जवळजवळ वजनच नसलेला एक कण) वाटून घेतात. शंभरातले सत्त्याण्णव अणू याच वाटेने जातात. उरलेले तीन आपलाच एक इलेक्ट्रॉन गिळून मोकळे होतात, ते स्कॅनच्या काही कामाचे नाहीत.

बाहेर पडलेला पॉझिट्रॉन शरीरात सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर धडपडतो, फार तर अडीच. मग त्याला एखादा इलेक्ट्रॉन गाठ पडतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्यांच्या वस्तुमानाचे दोन गॅमा किरण बनतात, प्रत्येकी ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, एकमेकांकडे पाठ करून धावणारे. यंत्रातलं कडं दोन समोरासमोरचे ठोके एकदमच पडले का एवढंच बघतं. पडले तर घटना त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी झाली. अशा लाखो रेषा काढल्या की गाठ दिसते.

मुलीच्या प्रश्नाचं उद्या लिहितो. डोळे मिटायला लागले.

शंकासुर | मंगळवार, रात्री ११:२०

मास्तर, झोपायच्या आधी हे घ्या. ९-९ ला जोडी नाही म्हणून तो फुटतो. मग नायट्रोजन-१४? तोही ७-७. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि त्यातला जवळजवळ सगळा नायट्रोजन-१४. तो कसा ठणठणीत?

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:३५

वाचनमात्र असतो, आज लॉगिन केलं. मी पेट सेंटरला तंत्रज्ञ आहे (कुठल्या ते राहू दे, कंदीपेढांच्या नक्कीच नाही). आत्ता पाचच्या पाळीची तयारी चाललीय, थोडक्यात लिहितो.

फ्लोरीन-१८ खाणीत मिळत नाही, रोज बनवावा लागतो. कच्चा माल पाणी. पण साधं नव्हे, ज्यातला ऑक्सिजन हा ऑक्सिजन-१८ आहे असं पाणी. निसर्गात दर पाचशे ऑक्सिजन अणूंमागे एखादा तसा असतो, तो वेगळा काढून साठवायचा म्हणजे हे पाणी किती महाग पडतं ते समजून घ्या. सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉन गरागरा फिरवून वेग देतात आणि त्या दोन-तीन मिलिलिटर पाण्यावर आदळवतात. एक प्रोटॉन आत शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, ऑक्सिजनचा फ्लोरीन होतो. ही झोड तासन्‌तास चालवण्यात अर्थ नसतो. ११० मिनिटांत जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्यातला अर्धा तयार होतो, आणखी ११० मिनिटांत पाऊण. पुढे तयार होतोय तेवढाच मरतोय, असं होत जातं.

मग ते पाणी नळीतून शिशाच्या कपाटात जातं, त्याला हॉट सेल म्हणतात. आत माणसाचा हात लागत नाही, सगळं यंत्र करतं. अर्ध्या तासाच्या आसपास वेळात फ्लोरीन साखरेला जोडून, गाळून, बाटलीत. तपासण्या होतात आणि गाडी सुटते. म्हणून सायक्लोट्रॉनवाल्यांची सकाळ मध्यरात्रीनंतर होते. तुमचा दहाचा डोस म्हणजे कोणीतरी दोन वाजता बटण दाबलेलं असतं.

एक गंमत. इंजेक्शन निर्जंतुक आहे की नाही याची चाचणी चौदा दिवसांची असते. डोस त्याच दिवशी देऊन टाकावा लागतो. चाचणीचा निकाल येतो तेव्हा ज्याची चाचणी केली त्यातलं काही शिल्लक नसतं! म्हणूनच बनवण्याच्या पद्धतीवर इतका कटाक्ष.

डबा जड का, तर शिसं किंवा टंगस्टन. एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन आमच्याकडे खुंटीलाच बरा. ५११ च्या किरणांपैकी तो दहा टक्केही अडवत नाही. ते निम्मे करायला चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं. आमची ढाल म्हणजे अंतर आणि चपळाई. डोस सिरिंजमध्ये काढायला नवा मुलगा दोन मिनिटं घेतो, जुना वीस सेकंद.

निघतो.

झणझणीत | बुधवार, सकाळी ८:१५

म्हणजे कॅन्सर शोधायला किरणोत्सर्ग टोचायचा, जो स्वतःच कॅन्सर करतो. वर घाटात संपला की पेशंटला पुन्हा उपाशी बोलवायचं. धन्य आहे. आमच्या आजोबांना वैद्य नाडी बघून सांगायचे.

गवतीचहा | बुधवार, सकाळी ९:०२

झणझणीत, तुमचे आजोबा भाग्यवान. माझ्या आईच्या नाडीने काही सांगितलं नव्हतं, स्कॅनने सांगितलं.

कंदीपेढा, गुरुवारी जाताना अनुभवाचे दोन शब्द. इंजेक्शन दिल्यावर तासभर एका खोलीत एकटं बसवतात. तिथे बोलायचं नाही, फोन नाही, च्युइंगम-सुपारी काही नाही. आईला आधी पटेना. पण जो स्नायू राबतो तो साखर ओढतो, बडबड केली तर घसा आणि जीभ चमकते, मग डॉक्टरांना कळत नाही हे काय. आदल्या दिवशी जिना चढून-उतरून दमायचं नाही. आणि पांघरूण न्या! थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी पेटते, तीही स्कॅनमध्ये दिसते. आम्ही गोधडीच नेली होती. मधुमेह असेल तर गोळ्यांचं आधीच विचारून ठेवा, मेटफॉर्मिनने आतडी उजळतात म्हणे.

अजून एक. आईच्या छातीत दोन गाठी चमकल्या आणि आमचं पाणी पाणी झालं. निघाला जुना टीबी. चमकलं म्हणजे कॅन्सरच असं नसतं, सुजेलाही साखर लागते. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या गुगल करत बसू नका, डॉक्टरांनाच विचारा.

खडूफळा | बुधवार, सकाळी ११:३०

शंकासुर, तुम्ही माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं, म्हणजे लक्ष ठेवता आलं असतं. प्रश्न नेमका आहे.

दोन्हीकडे विषम आणि तरीही स्थिर अशी केंद्रकं निसर्गात चारच: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि तुमचा नायट्रोजन-१४. चारही हलकी. जोडी हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जितके सारखे तितकं केंद्रकाला मानवतं, आणि हलक्या केंद्रकांत या समसमानतेला जास्त वजन असतं. कोण कोणात बदलणार हे शेवटी शेजाऱ्यांच्या ऊर्जेवरून ठरतं. नायट्रोजन-१४ चा शेजारी कार्बन-१४, त्याच्यात जोड्या पूर्ण आहेत, ६ आणि ८. तरी त्याची ऊर्जा थोडी जास्त, म्हणून तोच उतरून नायट्रोजन होतो. हाडांचं वय काढतात ते त्याच्याच जिवावर. पलीकडे ऑक्सिजन-१४, तोही सत्तरेक सेकंदांत खाली येऊन नायट्रोजन-१४ होतो. नायट्रोजन खड्ड्यात बसलाय, दोन्ही बाजूंनी चढ. फ्लोरीन-१८ ला एका बाजूला चढ आहे (निऑन-१८), दुसऱ्या बाजूला मात्र उतार, ऑक्सिजन-१८ कडे. फुगडीची उपमा तिथे तोकडी पडते, कबूल.

‘टिकाऊ अणू का नाही’ याचं उत्तर देतो. पॉझिट्रॉन सोडणारी हलकी मंडळी आणखी आहेत. ऑक्सिजन-१५ दोन मिनिटं, नायट्रोजन-१३ दहा मिनिटं, कार्बन-११ वीस मिनिटं. ज्या इमारतीत सायक्लोट्रॉन तिथेच ती वापरायची, खंबाटकीचं नावच नको. उलट दिवसेंदिवस टिकणारा अणू टोचला तर स्कॅन अर्ध्या तासात संपेल, पण तो अण्णांच्या अंगात आठवडाभर फुटत राहील. साखर पेशीत शिरून जमायला तासभर लागतो, स्कॅनला वीस-तीस मिनिटं, वर दोन-तीन तासांचा रस्ता. ११० मिनिटं यात बरोबर बसतात. शिवाय फ्लोरीनचा अणू लहान आणि कार्बनला घट्ट धरून बसणारा. साखरेच्या एका कोपऱ्यात बसवला तरी पेशीला पहिल्या दारापर्यंत संशय येत नाही.

पहिल्या दारापर्यंत म्हणालो कारण पुढे तो पकडला जातो. पेशीत शिरल्यावर साखरेला फॉस्फेटचा शिक्का बसतो. एफडीजीलाही बसतो. पुढच्या पायरीला दुसऱ्या जागेवर ऑक्सिजन लागतो, आणि तिथे तर फ्लोरीन ठाण मांडून. ना पुढे जाता येत, ना शिक्का घेऊन बाहेर पडता. म्हणूनच ती जमते.

परदेशी_पाटील | बुधवार, दुपारी १:१० (इथे मध्यरात्र उलटलीय)

घाटाच्या गोष्टीवरून आठवलं. एफडीजीचा माणसाला दिलेला पहिला डोससुद्धा वाहतुकीच्याच शर्यतीत होता. १९७६ चा ऑगस्ट. तात्सुओ इडो, जोआना फाउलर, आल्फ्रेड वुल्फ वगैरे मंडळी ब्रुकहेवनला, लाँग आयलंडवर, ती बनवत होती आणि स्कॅन होता फिलाडेल्फियाला, अबास अलावींकडे. मधे अख्खं न्यूयॉर्क शहर. त्यांनी रस्त्याचा नाद सोडला आणि डोस छोट्या विमानाने पाठवला. मी एडिसनला राहतो. शुक्रवारी संध्याकाळी त्या रस्त्याने गाडी हाकली आहे, विमानाचं नवल वाटत नाही.

फ्लोरीन-१८ त्याच्याही खूप आधीचा, १९३७ मध्ये बर्कलीला आर्थर स्नेलने निऑनवर ड्यूटेरॉन (हायड्रोजन-२ चं केंद्रक) आदळवून काढला. औषधात आला तोही साखरेआधी, नुसता फ्लोराइड म्हणून, हाडांच्या स्कॅनसाठी. हाडाला फ्लोराइड आवडतं हे दातांवरून आपल्याला माहीतच आहे.

तारापूरचा_वारा | बुधवार, संध्याकाळी ६:४४

अवांतर. अल्पायुषी हलक्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त न्यूट्रॉनचे अणू) विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा नायट्रोजन-१६ सांगतो. अर्धायुष्य ७ सेकंद! तारापूरच्या १९६९ च्या दोन अणुभट्ट्यांत पाणी थेट भट्टीतच उकळतं आणि ती वाफ टर्बाइनला जाते. पाण्यातल्या साध्या ऑक्सिजनवर न्यूट्रॉन आदळून नायट्रोजन-१६ होतो आणि वाफेबरोबर बाहेर येतो. त्याचे गॅमा किरण ६ दशलक्षाच्या वर, तुमच्या ५११ हजाराच्या बारा पट. म्हणून अशी भट्टी चालू असताना टर्बाइनजवळ कोणी उगाच फिरकत नाही. पण भट्टी बंद केली की मिनिटाभरात तो तीनशेव्या भागाच्याही खाली. सात सेकंदांचा राक्षस.

शंकासुर | बुधवार, संध्याकाळी ७:०५

भारी. याच रांगेत माझंही एक अवांतर: २०१७ च्या फेब्रुवारीत जपानच्या काशिवाझाकी किनाऱ्यावर वीज पडल्यानंतर मिनिटभर हेच ५११ चे गॅमा किरण मोजले गेले. विजेतल्या गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजन-१४ चा एक न्यूट्रॉन उडवला, नायट्रोजन-१३ झाला आणि ढगातच पॉझिट्रॉन सुटले. म्हणजे वळवाच्या पावसात डोक्यावर पेट स्कॅनचा माल तयार होत असेल!

मास्तर, मुलीचं राहिलं.

झणझणीत | बुधवार, रात्री ८:२०

माझंही राहिलं. किती किरणोत्सर्ग बसतो ते आकड्यात सांगा.

खडूफळा | बुधवार, रात्री ९:५५

सांगतो. झणझणीत, प्रश्न वाजवी आहे. १० मिलिक्युरी एफडीजीने साधारण ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप). माती, दगड, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे तीनेक वर्षांचा नैसर्गिक हप्ता एकदम. सोबत सीटी असतो, त्याचे वेगळे, ते कमी-जास्त होतात. शून्य धोका नाहीच, म्हणून सर्दीला पेट स्कॅन कोणी करत नाही. ज्याच्या फुप्फुसात गाठ आहे त्याच्यासाठी तागडं कुठे झुकतं ते तुम्हीच बघा.

आणि वस्तू किती? अर्धायुष्य माहीत असलं की अणू मोजता येतात. १० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३७ कोटी अणू फुटणं. त्यासाठी लागतात साडेतीन लाख कोटी अणू. खूप वाटतात, पण वजन केलं तर एका ग्रॅमचा हजार कोटीवा भाग. मिठाचा कण त्याच्यापुढे डोंगर.

आता नातीचं. सकाळी अकराला इंजेक्शन धरू. संध्याकाळी पाचला एक दशांश उरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजारातला एक भागही नाही. आणि हा झाला नुसता घड्याळाचा हिशेब, लघवीवाटे जातं ते वेगळं, म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. मला आवडणारा आकडा वेगळाच आहे. आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियम-४० असतं, केळ्यातून, डाळीतून, बटाट्यातून आलेलं. त्याचे सेकंदाला चार हजारांवर अणू जन्मभर फुटत असतात. अण्णांच्या अंगातला फ्लोरीन-१८ इंजेक्शननंतर तीस तासांनी या पातळीवर येतो. त्यानंतर नातीला आजोबांच्या फ्लोरीनपेक्षा त्यांच्या पोटॅशियमकडून जास्त मिळेल. तीन दिवस आणि वर काही तास गेले की हिशेबाने शेवटचा अणूही गेला.

तुम्हाला व्यवहारापुरतं हवं असेल तर ती रात्र वेगळी झोपवा, सकाळी मांडीवर घ्या. सेंटरने त्याहून जास्त सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ३:५०

मास्तरांचा हिशेब चोख. एक भर घालतो, कारण पेशंट नेहमी विचारतात, "ते साखरेतलं विष शेवटी जातं कुठे?" फ्लोरीन फुटला की त्याचा ऑक्सिजन होतो. बरोब्बर त्याच जागी, जिथे खऱ्या ग्लुकोजमध्ये ऑक्सिजन असतो. म्हणजे अडकून पडलेली नकली साखर एका क्षणात असली साखर होते, थोडी वजनदार एवढंच. पेशी ती पचवून टाकते. आम्ही ऑक्सिजन-१८ च्या पाण्यापासून सुरुवात केली होती, शेवटी उरतो तोही ऑक्सिजन-१८.

आणि कोणीतरी विचारेलच म्हणून: जवळ सायक्लोट्रॉन नसेल तर गॅलियम-६८ असतो, ६८ मिनिटांचा. तो जर्मेनियमच्या जनरेटरमधून मिळतो. तो जनरेटर महिनोन्‌महिने चालतो, रोज सकाळी त्यातून गॅलियम काढून घ्यायचा. आमच्यात त्याला काऊ म्हणतात, आणि काढण्याला मिल्किंग. प्रोस्टेटसारख्या काही आजारांत तो चालतो. अण्णांना मात्र साखरच लागणार.

देशात हे सगळं फार जुनं नाही. वैद्यकीय कामासाठीचा पहिला सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला आला तो २००२ मध्ये. त्याआधी एफडीजी नावाला नव्हती. माझे साहेब तेव्हाचे किस्से सांगतात ते वेगळ्या धाग्यात.

आज गुरुवार. कंदीपेढा, रस्ता बघून निघा.

झणझणीत | गुरुवार, सकाळी ८:३०

पोटॅशियमचं माहीत नव्हतं. केळं खाल्लं आत्ताच. शुभेच्छा अण्णांना.

कंदीपेढा | शुक्रवार, सकाळी १०:१५

झाला स्कॅन. रिपोर्ट सोमवारी. गवतीचहा, गोधडी नेली होती, तिथल्या सिस्टर म्हणाल्या अशी सोय सगळ्यांनी केली तर बरं होईल. अण्णा तासभर गप्प बसले, आमच्या घरातला हा विक्रमच.

मास्तर, तुमचा हिशेब कागदावर लिहून त्यांना दिला. काल रात्री मुलगी आईजवळ झोपली, रडून-भेकून. आज सकाळी सातला अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, बोटांवर तास मोजले आणि मग तिला हाक मारली.

रात्रपाळी, एक गोष्ट तुमच्यासाठी. काल आम्ही लवकर पोहोचलो होतो, पार्किंगमध्ये उभे होतो. पावणेदहाला ती व्हॅन आली. ड्रायव्हर तोच, मंगळवारचा. त्याने डबा आत पोचवला, सही घेतली आणि गाडीजवळ येऊन पाणी प्यायला लागला. अण्णा त्याच्याकडे गेले. मला वाटलं आता ऐकवणार. अण्णांनी विचारलं, "खंबाटकी कशी आहे?"

तो म्हणाला, "आज मोकळी होती, काका."